कवडूची शेजारीण

"मावशी, तुम्ही वारल्यानंतर या," असं ज्या माणसाने तोंडावर सांगितलं, त्याच्या टेबलावर पितळेचा तांब्या होता. तो उचलून त्याच्या टकलात घालावा असं वच्छलाबाईंना मनापासून वाटलं. पण घातला नाही. काम अडलं होतं, आणि अडला हरी गाढवाचे पाय धरी, हे तांडापेठेतल्या कोष्ट्याला कोणी शिकवावं लागत नाही.

"मी मेल्यावर मी कशी येऊ, साहेब?" त्यांनी विचारलं. "मले समजून नाही राहिलं. तुमीच सांगा."

साहेब म्हणजे बाबनराव. बेसाच्या रस्त्याला 'आधार सदन' नावाची संस्था होती, तिचे अधीक्षक. गांधीबागेतल्या एका कापडवाल्या शेठने भावाच्या स्मरणार्थ ती काढून दोन वर्षं झाली होती. मतिमंद माणसांनी तिथे राहायचं, खायचं, जमेल ते काम करायचं. मुलांनी नव्हे हो, मोठ्या माणसांनी. अख्ख्या नागपुरात अशी दुसरी जागा असल्याचं वच्छलाबाईंच्या ऐकण्यात नव्हतं. हे १९७५ सालचं सांगतोय.

बाबनरावांनी छापील कागद पुढे सरकवला. वच्छलाबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून स्वतःच वाचून दाखवला. नियम चौथा. ज्यांचे आईवडील हयात नाहीत, अशा निराधार प्रौढांनाच प्रवेश.

"याचे वडील नाहीत ते ठीक," बाबनराव म्हणाले. "पण तुम्ही आहात ना? तुमच्या पश्चात कोणीतरी आणून सोडलं तर जरूर घेऊ."

"कोन आनून सोडन?"

"आणेल की कोणीतरी."

कोणीतरी! या कोणीतरीचा पत्ता वच्छलाबाई सात वर्षं शोधत होत्या. समोरच्या खिडकीतून आतली खोली दिसत होती. बारा खाटा. त्यातल्या पाचांवरच्या गाद्या गुंडाळून ठेवलेल्या. पाच खाटा रिकाम्या, दारात माणूस आलेला, आणि मधे एक कागद. डोक्यात तिडीक जाणार नाही तर काय होईल?

दारातला माणूस म्हणजे कवडू. वय एकोणतीस, अंगाने धट्टाकट्टा, गालावर दाढीचे खुंट आणि बुद्धी चार वर्षांच्या पोराची. बाहेरच्या बाकावर बसून तो पायातली चप्पल काढत होता, परत घालत होता. त्याला तहान लागली की तो माय म्हणायचा, भूक लागली की माय, झोप आली की माय. बाकीचे शब्द होते, पण ते लागायचे कमी.

घरचा धंदा हातमागाचा. नवरा गणपतराव लुगडी विणायचा, वच्छलाबाई सूत उकलायच्या, आणि कवडू रहाटावर कांड्या भरायचा. धोट्यात बसवायची ती सुताची कांडी. गणपतरावाला त्याला हे एक काम शिकवायला चौदा महिने लागले. लोक हसले. म्हणाले, दगडाला पाझर फोडून राहिला काय गा? पण एकदा बोटांत बसलं ते बसलं. त्यानंतर कवडूच्या हातून ढिली कांडी निघाली नाही. ताप असला तरी भरायचा, काम नसलं तरी रिकामा रहाट फिरवायचा. लहानपणी गल्लीतल्या टवाळ पोट्ट्यांनी त्याला पोस्टमनला सलाम ठोकायला शिकवलं होतं. आता तो खाकी कपड्यातल्या कोणालाही सलाम ठोकायचा, मग तो पोस्टमन असो, पोलीस असो, की म्युनिसिपालटीचा कुत्री पकडणारा असो. शिकायला युगं लागायची, पण शिकलेलं पुसता यायचं नाही.

अडुसष्ट साली गणपतराव गेला. मागाला घरघर लागलेलीच होती. वच्छलाबाईंनी दुसऱ्यांची सूत उकलायची कामं धरली, आणि छातीत सुताचा कीस बसून बसून दमा घेतला. दोन पायऱ्या चढल्या की ओट्यावर बसावं लागे. मुलगी देवकी उमरेडला दिली होती. तिने आधीच सांगून टाकलं, "माय, मी त्याले ठेवीन वं, पन हे मले बी हाकलून देतीन." तिचंही खरं होतं. तेव्हा माझ्यामागे कवडूचं काय, या एका प्रश्नाने वच्छलाबाईंची झोप खाल्ली होती. मरणाची भीती त्यांना नव्हती. मेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कवडू चहा कोणाला मागेल, याची होती.

विचारायचं कुठे बाकी ठेवलं नव्हतं. शाळेत गेल्या, तर अठरा वर्षांच्या वर घेत नाही म्हणाले. अनाथाश्रमात बाईने कवडूच्या मिशीकडे पाहिलं आणि हसूच आवरेना तिला. पागलखान्यातल्या डॉक्टराने नीट तपासून शाबासकी दिल्यासारखं सांगितलं की हा वेडा नाही, घेऊन जा. म्हणजे पोरगा वेडा असता तर सोय होती, लहान असता तर सोय होती, पण तो जसा होता तसा असायला या शहरात जागा नव्हती. आणि जी एक जागा निघाली, ती म्हणते, आधी मरून या.

"उंटावरचे शहाणे!" बसमध्ये वच्छलाबाई मोठ्याने म्हणाल्या. शेजारचा माणूस सरकून बसला.

घरी आल्या तरी राग उतरेना. ओट्यावर बसून त्यांनी बाबनरावाच्या सात पिढ्यांचा उद्धार चालवला. समोर धोंडबाचं घर होतं. धोंडबा हा भीमाबाई दाईचा मुलगा. भीमाबाईने त्या गल्लीतली निम्मी पोरं जन्माला आणली होती, आणि तिला वारून नऊ वर्षं झाली होती. धोंडबा विडी ओढत ऐकत होता. त्याचा स्वभाव मुळातच काडी टाकायचा.

"काकू, तुमी काहून एवढ्या तापून राहिल्या?" तो म्हणाला. "कवडू कायचा तुमचा? तो तं आमचा हाय. आमच्या मायनं रोख इकत घेतला ना त्याले."

वच्छलाबाईंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"काय म्हनला? अजून एक खेप म्हन."

गोष्ट खरी होती. कवडूच्या आधीची वच्छलाबाईंची तीन पोरं पाळण्यातच गेली होती. चौथा झाला तेव्हा रीतीप्रमाणे त्याला सुपात घालून भीमाबाईला विकला. किंमत एक कवडी. पोर आपलं नाहीच, दुसऱ्याचं आहे, आपण नुसतं सांभाळतो, असं सटवाईला भासवायचं, म्हणजे ती नेत नाही. म्हणून तर नाव कवडू. अशी नावं घरोघर असतात, आणि बारसं झालं की तो सौदा कोणाच्या लक्षातही राहत नाही. पण सौदा मोडायची रीत काही नव्हती. कवडी परत केलेली नव्हती.

"म्हंजे मी त्याची माय नाही!" वच्छलाबाई उठून उभ्या राहिल्या, दमा विसरून. "त्याची माय म्हंजे तुही माय! अन् ते तं मेली!"

"मंग?"

"मंग काय मंग? तो निराधार झाला ना बाप्पा!"

धोंडबाची विडी गळून पडली. त्याने थट्टा केली होती, आणि ही बाई दुसऱ्या दिवशी त्याला मनगट धरून कोर्टाजवळच्या अर्जनविसाकडे घेऊन गेली. गल्लीतले दोन म्हातारे साक्षीला. त्यांनी तो सौदा डोळ्यांनी पाहिला होता आणि बारशाच्या घुगऱ्याही खाल्ल्या होत्या. अर्जनवीस सगळं लिहून किमतीशी अडला. "इथं काय लिहू?" त्याने विचारलं. "एक कवडी लिवा," वच्छलाबाई म्हणाल्या, "खरं तेच लिवा." त्याने चष्म्यावरून पाहिलं आणि लिहिलं.

शहाण्या माणसांनी हसावं असाच प्रकार होता, आणि बाबनराव हसलेही. मग त्यांचं हसू थांबलं. फेब्रुवारी संपत आला होता. मार्चात अनुदानासाठी निरीक्षक येणार, आणि बारा खाटांपैकी पाच रिकाम्या. दोन वर्षांत या नियमात बसणारी सातच माणसं सापडली होती. ज्याचे आईबाप मेले आणि पुढे कोणी नाही, असा मतिमंद माणूस संस्थेपर्यंत चालत कसा येणार, हा विचार नियम करणाऱ्याने केलाच नव्हता. बाबनरावांनी कागद दोनदा वाचला, स्टँप उजेडात धरून पाहिला.

"असं असतं का कुठे, मावशी?"

"आमच्यात असते."

"मग तुम्ही याच्या कोण?"

वच्छलाबाईंनी घरून निघतानाच उत्तर ठरवून ठेवलं होतं. "शेजारीन," त्या म्हणाल्या.

बाबनरावांनी आवाज खाली आणला. "हे बघा, कागद मी लावून घेतो. पण निरीक्षक नुसता कागद बघत नाही, तो माणसाशी बोलतो. त्याच्यासमोर यानं तुम्हाला माय म्हटलं, तर हाही घरी आणि मीही घरी. तीन आठवडे आहेत. बघा काय जमतं ते."

तीन आठवडे! कांडी भरायला चौदा महिने लागलेल्या पोराला!

पण वच्छलाबाईही हट्टाला पेटल्या होत्या. मारून उपयोग नाही हे त्यांना माहीत होतं. मारलं की कवडू नुसता डोकं धरून बसायचा. त्यांनी वेगळाच मार्ग काढला. कवडूने माय म्हटलं की त्या उठायच्या आणि निघून जायच्या. ताटावरून उठायच्या, अंथरुणावरून उठायच्या, त्याच्या डोक्याला तेल लावता लावता उठायच्या, आणि धोंडबाच्या ओट्यावर जाऊन पाठ फिरवून बसायच्या. कवडू दारात येऊन उभा राहायचा. चौकट धरून हाका मारायचा. माय. माय वं. ए माय. जितक्या हाका, तितका वेळ त्या वळायच्या नाहीत. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, अवं काय कैदाशीण हायेस काय तू?

चौथ्या दिवसापासून त्याने जेवण टाकलं. आठव्या दिवशी तो हाक मारायला तोंड उघडायचा आणि मिटायचा. तहान लागली तर नुसता गडव्याकडे बोट दाखवायचा. त्या दिवशी वच्छलाबाईंच्या मनात आलं, मरो ते सदन अन् मरो तो नियम, राहू दे लेकराला माझ्याजवळ. रात्रभर तेच घोळलं. पण पहाटे दम्याची अशी उबळ आली की श्वास परत येतो की नाही असं झालं. कवडू बाजूला बसून टाळ्या वाजवत होता, त्याला तो खेळ वाटला. मग मनात जे आलं होतं ते त्यांनी काढून टाकलं.

सतराव्या दिवशी दुपारी त्या सूत उकलत होत्या, तेव्हा मागून आवाज आला.

"वच्छलाबाई."

स्वच्छ, एकेक अक्षर सुटं करून. त्या वळल्या. कवडू त्यांचं तोंड पाहत होता, आता उठतात की बसतात ते. त्या उठल्या नाहीत. त्यांनी त्याला ओढून जवळ घेतलं, पाणी पाजलं, आणि "हाव रे माया राजा, अस्संच म्हनाचं," म्हणत ढसढसा रडल्या. जिंकल्याचा आनंद असा असतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

निरीक्षक आला, त्याने कवडूला विचारलं, ही कोण? वच्छलाबाई, कवडू म्हणाला. तुझी कोण लागते? शेजारीन. हाही शब्द तोवर घोटून झाला होता. निरीक्षकाने कागदावर खूण केली आणि चहा पिऊन गेला. कवडूला आठव्या क्रमांकाची खाट मिळाली. निरीक्षकाच्या खाकी ड्रायव्हरलाही सलाम मिळाला.

त्यानंतर दर रविवारी वच्छलाबाई मानेवाड्यापर्यंत बसने आणि पुढे पायी, चार ठिकाणी बसत, सदनाला जायच्या. फाटकावर रजिस्टर. नाव, वेळ, नातं. नात्याच्या जागी कारकून दर वेळी तोंड वर करून विचारायचा, जसं काही या आठवड्यात ते बदललं असेल. "शेजारीन," त्या म्हणायच्या. जागा वाईट नव्हती, उगाच खोटं का बोला. कवडू साच्यातून खडू पाडायला शिकला. दीड वर्ष लागलं. स्वयंपाकीण शोभाताई त्याला भाताची खरवड काढून द्यायची. तिने एकदा विचारलं, "एवढी माया करनारी शेजारीन कुठी भेटते वं बाई? मले बी एक पायजे." वच्छलाबाई हसल्या आणि पदर सावरत फाटकाकडे निघाल्या.

चीड आणणारी गोष्ट घडली अठ्ठ्याहत्तर साली. कवडूला हर्निया झाला. दवाखान्यात नेलं, ऑपरेशन लगेच करायचं ठरलं. कागदावर नातेवाइकाची सही पाहिजे. वच्छलाबाई अंगठा पुढे करून उभ्या. "तुम्ही कोण?" कंपाउंडरने विचारलं. सोबत आलेल्या बाबनरावांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. रजिस्टराप्रमाणे कवडूचा नातेवाईक एकच, भाऊ धोंडबा. आणि धोंडबा कुठे? रामटेकला, मेहुण्याच्या धानाच्या कापणीला. आत पोरगा पोट धरून विव्हळतो आहे, आणि ज्या पोटातून तो निघाला त्या पोटाची सही चालत नाही, म्हणून दमेकरी बाई रामटेकच्या बसमध्ये उभ्याने जाते आहे! धोंडबा बांधावर बसून भाकर खात होता. त्याला तिने हातातल्या भाकरीसकट उठवला. रात्री आठला सही झाली आणि नऊला ऑपरेशन. पोरगा वाचला, नाहीतर वच्छलाबाईंनी कोणाकोणाला काय केलं असतं ते सांगता येत नाही.

"कायले फिरले मी त्या कागदामागं," त्या धोंडबाला म्हणाल्या. "मीच मले मारून टाकलं."

"अवं काकू, मी तं गंमत केली होती," धोंडबा म्हणाला. सात जन्म तो हेच म्हणत राहिला असता.

मग एक्याऐंशी साल आलं. ते अपंगांचं वर्ष म्हणून पाळायचं ठरलं होतं. सभा झाल्या, हारतुरे झाले. सदनाच्या मंडळानेही बैठक घेतली आणि नियम चौथा काढून टाकला. एका रविवारी बाबनराव स्वतः फाटकाशी येऊन उभे राहिले. चेहरा असा, जसं काही यांनीच स्वराज्य आणलं.

"मावशी, आनंदाची बातमी! आता आई चालते!"

"चालते?" वच्छलाबाई दम खात म्हणाल्या. "मंग सहा वर्सं काहून नाही चालली?"

"नियम होता, मावशी."

"कोनं केला व्हता?"

बाबनरावांनी रजिस्टर उघडलं, शेजारीण खोडलं आणि लाल शाईने आई लिहिलं. वच्छलाबाईंनी त्या अक्षरावर बोट ठेवून पाहिलं. "हेच का ते?" त्यांनी विचारलं. मग पदराने तोंड पुसलं आणि झपाझप आत निघाल्या. झपाझप चालायची मनाई होती त्यांना. पण सहा वर्षं न ऐकलेली एक हाक आता ऐकायला मिळणार होती, आणि छातीचं लक्षण पाहता फार रविवार काही उरले नव्हते.

कवडू लिंबाखाली खडूचे साचे पुसत बसला होता. पस्तिशीचा झाला होता, कानावरचे केस पांढरे होत होते. त्यांना पाहून त्याचं तोंड फुललं.

"वच्छलाबाई!"

त्या त्याच्यापुढे मातीतच बसल्या. त्याचे खडूने पांढरे झालेले हात हातात घेतले. "राजा," त्या म्हणाल्या, "आता तसं नोको म्हनू. आता माय म्हन. कोनी काही म्हनत नाही. म्हन पाहू, माय."

कवडूचं हसू गेलं. तो त्यांच्या तोंडाकडे पाहू लागला.

"म्हन ना रे. मा-य. पयले म्हनत नव्हता का?"

कवडूने मान हलवली. आधी हळू, मग जोरात. त्याने त्यांच्या लुगड्याचा पदर धरला आणि मुठीत गुंडाळत गुंडाळत अगदी खांद्यापर्यंत गच्च आवळला.

"वच्छलाबाई," तो म्हणाला. "वच्छलाबाई. वच्छलाबाई. शेजारीन."

"मी नाही जात रे कुठी!" त्या रडत ओरडल्या. "तू म्हन, मी नाही उठत! या गळ्याची आन, नाही उठत!"

पण तो शब्द म्हटला की ही बाई उठून जाते, हे कवडू शिकलेला होता. संध्याकाळी फाटक बंद करायची घंटा होईपर्यंत तो पदर धरून बसला, आणि मग शोभाताईने येऊन त्याची बोटं एकेक करून सोडवली.